पोटातली दुर्बीण

जालन्यात कुणाला डॉक्टरांनी एन्डोस्कोपी सांगितली, तर तो घरी येऊन एन्डोस्कोपी हा शब्द उच्चारत नाही. ‘दुर्बीण घालावी लागंल म्हणाले,’ एवढंच सांगतो. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, घनसावंगी, कुठंही जा, शब्द हाच. ज्यानं तो पहिल्यांदा वापरला, त्याची जीभ फार नेमकी होती. दुर्बीण दूरचं जवळ आणते. पण जठर तर तोंडापासून जेमतेम हातभर अंतरावर. मग या दुर्बिणीला दूरचं असं काय दिसतं? तिला पुढची वर्षं दिसतात. जठराचा कॅन्सर व्हायच्या दहा-पंधरा वर्षं आधी तिथलं अस्तर बदलू लागलेलं असतं, आणि वाचणारा डोळा असेल तर तो बदल वाचता येतो.

हे मला कळलं तेव्हापासून पोटाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. आपल्याकडे पोटाच्या साऱ्या तक्रारी एकाच खात्यात जमा होतात: पित्त. करपट ढेकर आला, पित्त. सकाळी मळमळलं, पित्त. दोन घासांत पोट गच्च झालं, तेही पित्तच. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते, दोन दिवसांत बरं वाटतं, विषय संपतो. बहुतेक वेळा तो खरोखरच तिथं संपतो, कारण बहुतेकांचं पित्त हे पित्तच असतं. अडचण उरलेल्या थोड्यांची आहे. जठराचा कॅन्सर अगदी कोवळा असतो तेव्हा तो दुखत नाही. दुखलाच तर पित्तासारखा दुखतो, आणि आम्ल कमी करणाऱ्या त्याच गोळीनं शांतही होतो. रोग तसाच राहतो आणि तक्रार तेवढी जाते.

2022 साली जगात सुमारे 9 लाख 68 हजार लोकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे 6 लाख 60 हजार माणसं त्यानं गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एवढंच कळतं की जगभर बहुतेकांना तो उशिरा सापडतो. जपानमध्ये मात्र तो अस्तरापुरता असताना सापडलेल्यांपैकी शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. सारा फरक तो केव्हा दिसला याचा आहे.

आधी ते जठर कसलं विलक्षण पात्र आहे ते बघा. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, खाल्लेल्या मांसाचा लगदा करणारं. ते आम्ल जठराला स्वतःला मात्र खात नाही, कारण अस्तरावर चिकट द्रवाची साय असते आणि त्या सायीखालच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. आज जेवताना तुमच्या जठराचा जो पृष्ठभाग होता, तो पुढच्या आठवडी बाजारापर्यंत बदललेला असेल. एवढं सतत नवं होणाऱ्या जागेत पेशींची नक्कल करताना चूक व्हायला वावही तेवढाच. त्यात कुणी बाहेरून येऊन वर्षानुवर्षं जखम चिघळत ठेवली तर?

असा एक पाहुणा आहे. 1979 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला सुजलेल्या जठराच्या तुकड्यांवर वाकडे-तिकडे जीवाणू दिसले. तेव्हाचं शास्त्र सांगत होतं की एवढ्या आम्लात काही जगूच शकत नाही. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर आला. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होता, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बश्या फेकून द्यायची पद्धत होती. 1982 च्या ईस्टरची सुट्टी आली, बश्या तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तर जीवाणू उगवलेला! तो इतका संथ होता की त्याला सुट्टी लागली. तरीही लोक मानेनात, म्हणून 1984 मध्ये मार्शलनं तो जीवाणू मिसळलेला द्रव स्वतः पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, आणि दुर्बीण घातल्यावर सुजलेलं जठर. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जीवाणूचं नाव. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कॅन्सरचं निश्चित कारण ठरवलं आणि 2005 मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

हा जीवाणू आम्लात जगतो कसा, ते तर ऐकण्यासारखं आहे. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. आपल्या शरीरातला युरिया फोडून तो अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवती त्या अमोनियाचं कवच उभं करतो. कवचाबाहेर आम्ल, आत सुरक्षित जागा. शेतकरी युरियाचं पोतं शेतात फोडतो, हा पोटात फोडतो. मग स्क्रूसारखा फिरत तो चिकट सायीत शिरतो आणि तिथंच बस्तान बसवतो. तो बहुधा लहानपणीच येतो, घरातल्या माणसांकडून, दाटीवाटीतून, अस्वच्छ पाण्यातून, आणि औषध घेतलं नाही तर जन्मभर राहतो. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात तो आहे. भारतात त्याहूनही जास्त.

त्याचं आणि आपलं नातं फार जुनं. सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा हा पोटात होताच. जीवाणूच्या जनुकांवरून माणसांच्या टोळ्या कुठून कुठं गेल्या याचा माग लागतो. आल्प्स पर्वताच्या बर्फात 1991 मध्ये 5300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला होता. 2016 मध्ये त्याच्या पोटातल्या या जीवाणूचा जनुकीय आराखडा वाचला गेला, आणि तो आजच्या युरोपी जातीपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियात आढळणाऱ्या जातीशी अधिक जुळला. म्हणजे त्या बर्फातल्या माणसाच्या पोटातला पाहुणा आणि आपल्या गावाकडच्या कुणाच्या पोटातला पाहुणा हे जवळचे भाऊबंद. मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. जठराच्या बहुतेक कॅन्सरच्या मागे हा जीवाणू आहे, पण जीवाणू असलेल्या शंभरांतल्या एक ते तीन जणांनाच कॅन्सर होतो. आणि तो एकदम होत नाही, जिन्यानं चढत येतो. कोलंबियातल्या पेलायो कोरिया या शास्त्रज्ञानं 1975 च्या सुमारास हा जिना मांडला. पहिल्या पायरीवर अस्तराला जुनाट सूज. अनेक वर्षांनी आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ पडतं. त्यानंतरची पायरी चक्रावून टाकणारी आहे: जठराचं अस्तर आतड्यासारखं होऊ लागतं. पेशी आपली ओळखच विसरतात, जठरात राहून आतड्याच्या पेशींसारख्या वागतात. त्यावरची पायरी पेशींच्या बेढब वाढीची, आणि तिच्या वर कॅन्सर. हा जिना चढायला अनेक दशकं लागतात. जिना चढणारे बहुतेक जण मधल्याच पायरीवर थांबतात, कधी वर पोचतच नाहीत. पण जो वर जाणार आहे, तो आपल्याला एवढी वर्षं देतो. इतका सवड देणारा शत्रू क्वचितच असतो.

‘सवड’ या शब्दावर मी थांबलो, कारण अशाच सवडीचा उपयोग कसा करायचा ते जगाला मराठवाड्यानं शिकवलं आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे. जालन्याहून बीडमार्गे खाली गेलं की मराठवाड्याच्या सीमेला लागूनच बार्शी लागते. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात 1987 मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीनं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या कागदांवर चालते. पण गावात आजारी माणूस दवाखान्यात पोचलाच नाही तर त्याचा कागद कुठून येणार? म्हणून इथं नोंदणीची माणसंच गावोगाव जाऊ लागली. पारावर बसायची, सरपंचांशी, शिक्षकांशी, दाईंशी बोलायची, कुणाला काय होतंय ते विचारायची, आणि विचारता विचारता कॅन्सरची लक्षणंही सांगायची. मोजायला गेलेल्या माणसांनी नकळत उपचारच सुरू केला होता, कारण काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. एकही नवं यंत्र नव्हतं, फक्त बोलणं होतं.

याच पायावर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक अभ्यास उभा राहिला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट. काहींची या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींची पेशींची, काहींची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. चाचणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं 34 मृत्यू, चाचणी नसलेल्या गटात 64. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर 39 विरुद्ध 82. ज्या गावांत वीज जायची, एसटी चुकली तर दिवस जायचा, तिथून हा पुरावा निघाला आणि जगाच्या धोरणांत गेला. चाचणीविना ठेवलेल्या गटातल्या बायकांबद्दल पुढे नैतिक प्रश्नही उठले, आणि ते उठायलाच हवे होते. पण त्या लाखभर बायकांनी जे दाखवून दिलं ते पक्कं आहे: कॅन्सरमागे एखादं संसर्गाचं कारण असेल आणि त्याला चढायला वर्षं लागत असतील, तर योग्य वयातली एक चाचणीही निम्मे जीव वाचवू शकते.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूचा, जठराचा बहुतेकदा जीवाणूचा. दोन्ही संसर्गापासून सुरू होतात, दोन्ही जिना चढतात, दोघांनाही दशकं लागतात. फरक एवढाच की गर्भाशयमुख डोळ्यांना दिसतं. जठर अंधारात आहे.

त्या अंधारात उजेड नेण्यासाठी माणसानं काय काय केलं! 1822 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला बाहेरून एक भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळानं बाहेर काढले, आणि पचन म्हणजे काय ते माणसाला पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसलं. 1868 मध्ये जर्मनीत आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या खेळवाल्याला बोलावलं आणि त्याच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली. नळी पोचली, पण पुरेसा उजेड पोचला नाही. 1881 मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कॅन्सरग्रस्त जठराचा भाग कापून काढला आणि रुग्ण शस्त्रक्रियेतून उठली. तो चमत्कार होता, पण रोग आधीच पसरलेला होता. ती बाई जेमतेम चार महिने जगली. सर्जनचा हात पोटात पोचला होता, नजर पोचायची होती.

नजर पोचवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी केली तर ती वाकवली तरी तिच्यातून चित्र जातं, हे त्यांनी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये दाखवलं. तो लेख वाचून बेसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरानं वाकणारी दुर्बीण तयार केली, आणि 1957 मध्ये ती सर्वात आधी स्वतःच गिळली. या क्षेत्रातली माणसं स्वतःच्या पोटावर किती विश्वास ठेवत, बघा.

तिकडे जपानमध्ये जठराचा कॅन्सर घरोघरी होता. 1950 च्या सुमारास तात्सुरो उजी या सर्जनच्या आग्रहावरून ऑलिंपस कंपनीच्या माणसांनी गिळता येईल एवढा कॅमेरा बनवला. नळीच्या टोकाला चिमुकली भिंगं, चिमुकली फिल्म आणि मिणमिणता दिवा. कॅमेरा आत नेमका कुठं आहे हे कळायचं कसं? खोलीत अंधार करायचा. आतला दिवा चमकला की त्याचा उजेड पोटाच्या कातडीतून बाहेर दिसायचा. काळोख्या खोलीत माणसाचं पोट आतून क्षणभर उजळतंय, आणि डॉक्टर बाहेरून तो उजेड पाहून ठरवताहेत की फोटो जठराच्या कोणत्या भिंतीचा आला. दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं ते पोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या फोटोंतून जपानी डॉक्टरांनी पाहायला शिकणं सुरू केलं. 1962 मध्ये त्यांनी ‘सुरुवातीचा जठराचा कॅन्सर’ कशाला म्हणायचं याची व्याख्या केली: जो अस्तर आणि त्याखालचा पातळ थर एवढ्यातच आहे तो. असा कॅन्सर गाठीसारखा दिसत नाही. किंचित लालसर डाग, किंचित खोलगट भाग, किंवा घडीचा शेवट जरासा तुटल्यासारखा. तो उठून दिसावा म्हणून त्यांनी अस्तरावर निळा रंग फवारला. इंडिगो कार्मिन, म्हणजे आपल्या निळीच्या कुळातला रंग. खोलगट जागी निळं पाणी साचतं आणि उंचवटे उघडे पडतात, जसं पहिल्या पावसानंतर वावरात कुठं सखल आहे ते कळतं. आताच्या दुर्बिणींत तर रंगाचीही गरज कमी झाली आहे. एक बटण दाबलं की फक्त निळा आणि हिरवा उजेड पडतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, आणि बारीक रक्तवाहिन्या गडद तपकिरी उमटतात. कॅन्सर स्वतःसाठी वेड्यावाकड्या वाहिन्या वाढवतो, तिथंच तो पकडला जातो. मग दुर्बिणीतूनच बारीक सुरी सरकवून तेवढं अस्तर सोलून काढता येतं. पोटावर एक टाका नाही. जठर शाबूत, माणूस काही दिवसांत घरी.

जपाननं 1960 च्या दशकापासून बेरियम पाजून क्ष-किरण काढणाऱ्या गाड्या गावोगाव फिरवल्या, आणि 2016 पासून पन्नाशीपुढच्यांसाठी दुर्बिणीचाही पर्याय दिला. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीची राष्ट्रीय योजना आहे. तैवानच्या मात्सू बेटांवर वेगळाच मार्ग धरला. 2004 पासून तिथल्या लोकांचा श्वास तपासून, ज्यांच्यात जीवाणू सापडला त्यांना औषध देऊन तो हाकलला, आणि कॅन्सरचं प्रमाण आधीपेक्षा निम्म्याहून खाली आलं.

श्वास तपासून? होय. त्या जीवाणूची युरिया फोडायची खोडच त्याला पकडून देते. रुग्णाला थोडा युरिया प्यायला देतात, ज्यातला कार्बन जरासा जड असतो, साध्या कार्बनपेक्षा एका न्यूट्रॉननं. पोटात जीवाणू असेल तर तो युरिया फोडतो, जड कार्बनचा वायू बनतो, रक्तात जातो, फुप्फुसातून बाहेर पडतो. अर्ध्या तासानं पिशवीत फुंकर मारायची. फुंकरीत जड कार्बन सापडला की चोर घरात आहे. पोटातल्या चोराची साक्ष श्वास देतो, याहून सुंदर चाचणी मला माहीत नाही.

मग जालना जिल्ह्यातल्या वीस लाख माणसांना दुर्बीण घालायची का? माझं स्पष्ट मत: नाही. जीवाणू आपल्याकडे भरपूर असूनही भारतात जठराचा कॅन्सर जपान-कोरियाच्या मानानं पुष्कळ कमी आहे. शास्त्रज्ञ याला ‘आशियाई कोडं’ म्हणतात. देशात सर्वात जास्त तो मिझोरममध्ये, आपल्याकडे तेवढा नाही. सरसकट दुर्बीण घातली तर हजारो जणांना उपाशी बसवून, खर्चात पाडून एखाददुसरा सापडेल, आणि ज्याला खरी गरज आहे तो रांगेत मागे राहील. घरोघर फिरणाऱ्या आशाताई तिशीपुढच्यांसाठी जो तपासणीचा कागद भरतात, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, जठर नाही. ते आजच्या घडीला बरोबरच आहे. त्या तीन तपासण्यांना मात्र कुणी नाही म्हणू नये, धाराशिवच्या बायकांनी त्यासाठी फार मोठी वाट पाडून ठेवली आहे.

जठरासाठी वाट निराळी आहे: सर्वांना नाही, पण योग्य माणसाला वेळेवर. ज्याच्या आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला, त्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट. त्यानं काही होत नसतानाही डॉक्टरांशी बोलून जीवाणूची चाचणी करून घ्यावी. जो वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढतो, त्यानं पित्ताला हलक्यात घेऊ नये. लोक ठेच्याबद्दल फार विचारतात. ठेच्यापेक्षा मला चिंता खारवून टिकवलेल्या अन्नाची आणि अति मिठाची वाटते, कारण जठराच्या कॅन्सरमध्ये मिठावरचा आरोप जास्त भक्कम आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कॅन्सर सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत होता. घराघरात शीतकपाट आलं, ताजी भाजी-फळं आली, खारवणं कमी झालं, पाणी स्वच्छ झालं, आणि कुणी मोहीम न काढताही तो घटत गेला.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर पित्ताच्या गोळीवर एक दिवसही काढू नये. प्रयत्न न करता वजन उतरणं. चार घासांत पोट भरणं आणि ते आठवडे चालू राहणं. गिळताना अडकणं. रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी, चिकट शौच होणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगावं, स्वतःच ठरवून मोकळं होऊ नये. पन्नाशीपुढे पहिल्यांदाच पोटाचा त्रास सुरू होणं. आणि एक खूण, जिच्याकडे आपल्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं: पुरुषाचं रक्त कमी होणं. बाईचं रक्त कमी आढळलं तर आपण पाळीचं कारण देतो, ते बऱ्याचदा खरंही असतं. पण पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते रक्त कुठून तरी जातंय, आणि ती गळती अनेकदा अन्नमार्गात असते. अशा वेळी ताकदीचं सलाईन लावून घेणं म्हणजे फुटलेल्या पाइपलाइनला आणखी एक मोटार लावणं.

दुर्बिणीची भीती मोठी, ती मी समजू शकतो. पण तिचं खरं रूप असं आहे. सहा-आठ तास उपाशी राहायचं. घशात बधिर करणारा फवारा. डाव्या कुशीवर झोपायचं, दातांत एक कडी धरायची. करंगळीएवढी जाड नळी आत जाते. घसा भरल्यासारखा वाटतो, उमासे येतात, श्वास मात्र कोंडत नाही कारण श्वासाची वाट वेगळी आहे. नाकानं सावकाश श्वास घेत राहिलं की वेळ जातो. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि डॉक्टर घाई न करता पाहत असतील तर ती चांगलीच गोष्ट आहे. संशय आला तर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा काढतात. त्यानं दुखत नाही, जठराला तिथं दुखणं कळतच नाही. आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर खवळतो, पसरतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते खरं नाही. तुकडा न काढल्यानं मात्र कित्येक जीव गेले आहेत. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर जीवाणूची चाचणी खोटी कोरी येऊ शकते. त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, तेव्हा काय घेताय ते सगळं सांगा. आणि जीवाणू सापडलाच तर दहा-चौदा दिवसांचं औषध अर्ध्यात सोडू नका. अर्धवट औषधांनीच तो आपल्या देशात निर्ढावला आहे. औषध संपल्यावर महिनाभरानं तो खरंच गेला का, हे पुन्हा तपासून घ्या.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर, तिथं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. वाट फार लांबची नाही.

म्हणून ज्यांच्या घरात वडील दोन महिन्यांपासून अर्ध्या भाकरीवर ताट सरकवताहेत, कंबरेचा पट्टा आणखी एक भोक आत घेताहेत आणि विचारलं की ‘पित्त हाय’ म्हणताहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती. मेडिकलमधून आणखी एक पट्टी आणू नका. उद्या सकाळी त्यांना उपाशीपोटी घेऊन निघा, आणि डॉक्टरांना तुम्हीच विचारा, दुर्बीण घालून बघायची का.